जबडा दुखतोय? आधी दात सुटे करा

कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो, त्याच्या किंचित पुढे दोन्ही बाजूंना एकेक बोट ठेवा. आता तोंड हळू उघडा, हळू मिटा. बोटाखाली काहीतरी पुढे सरकून परत मागे जातं. तो जबड्याचा सांधा. गुडघा, कोपर दुखलं की आपण लगेच सांगतो, पण हा सांधा दुखायला लागला की आपण म्हणतो कान दुखतोय, दाढ दुखतेय, डोकं धरलंय. माझंही तसंच झालं. शिवणकाम करणाऱ्या माझ्या ओळखीतल्या आणखी कितीतरी जणींचं हेच चाललंय, म्हणून आज ब्लाउजची कटिंग बाजूला ठेवून या दुखण्यावर लिहितेय.

आमच्या सोलापुरात लग्नसराई लागली की माझ्यासारख्या घरी दुकान चालवणाऱ्या बाईला मान वर करायला फुरसत नसते. टाचण्या कुठे ठेवायच्या? तर दातात. दोरा कशाने तोडायचा? तर दाताने. कात्री हाताशी असते, पण ती उचलून परत ठेवण्यात वेळ जातो, दात मात्र तोंडातच असतात. त्यात गिऱ्हाइकाचा फोन आला की तो कान आणि खांदा यांच्यात दाबून धरायचा आणि दोन्ही हात मशीनवर. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं आणि सांधा बिचारा सहन करतो. मग एखाद्या हंगामात तो धरतो. माझा उजवा धरला. सकाळी उठल्यावर तोंड पुरतं उघडेना, घास मोठा घेतला की कानशिलापाशी कळ, आणि दुपारपर्यंत ती कळ गालातून खाली हनुवटीच्या कोपऱ्यापर्यंत उतरायची.

सासूबाईंनी लसणीचं तेल कोमट करून कानात घालायला आणलं. प्रेमाने आणलं होतं, तरी मी ते घालू दिलं नाही आणि तुम्हीही घालू नका. कानाच्या पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन नवं दुखणं उभं राहतं, आणि दुखणं जर सांध्याचं असेल तर कानातलं तेल तिथवर पोचतच नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून कान पाहिला, म्हणाले, कान स्वच्छ आहे. मग त्यांनी दोन्ही बोटं कानांपुढे ठेवली आणि म्हणाले, आता आ करा. उजव्या बाजूला ‘कट्’ असा आवाज आला, तो त्यांच्या बोटांना लागला आणि मला ऐकू आला. दुखण्याचं घर सापडलं.

माझी भाची फिजिओथेरपी शिकते. ती म्हणाली, मामी, ही गल्लत फार जुनी आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे जेम्स कॉस्टेन नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, त्यांनी १९३४ साली लिहून ठेवलं की कान दुखतो, कानात दडे बसल्यासारखं वाटतं म्हणून येणाऱ्या काही रोग्यांचं मूळ जबड्याच्या सांध्यात असतं. पडलेल्या दाढांवर त्यांनी ठेवलेला ठपका पुढे टिकला नाही, पण कान आणि जबडा यांचं नातं त्यांनी नीट हेरलं होतं. सांधा कानाला इतका खेटून आहे आणि नसा इतक्या जवळून जातात की नेमकं काय दुखतंय हे आपल्याला कळत नाही.

आवाजाबद्दल एवढंच सांगते, कारण त्यानेच बायका जास्त घाबरतात. सांध्यातल्या दोन हाडांच्या मध्ये एक लवचिक चकती असते. ब्लाउजच्या आत अस्तर सरकलं की वरचं कापड चुणतं, तशी ही चकती जागेवरून सरकली की सांध्याची चाल बिघडते. तोंड उघडताना चकती परत जागेवर बसते तेव्हा ‘कट्’ होतं. नुसता आवाज येतोय, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतंय, तर काही करायची गरज नसते. पुष्कळ माणसांचा जबडा जन्मभर वाजतो आणि त्रास काहीच नसतो. तो आवाज मुद्दाम काढून बघण्याची सवय मात्र वाईट. दुखरा सांधा दिवसातून दहा वेळा तपासून बघितला तर त्याला विसावा मिळणार कधी?

आता मुख्य गोष्ट. शेक, मालीश, व्यायाम हे सगळं पुढे सांगते, पण मला सगळ्यात जास्त गुण कशाने आला असेल तर दात सुटे ठेवण्याने. आपण चावत नसतो, गिळत नसतो, बोलत नसतो, तेव्हा वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकायलाच नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे. मला हे कुणी सांगेपर्यंत वाटायचं की तोंड मिटणं म्हणजेच दात मिटणं. तुम्ही आत्ता वाचताना बघा, दात टेकलेत का?

जीभ कुठे ठेवायची हे भाचीने फार सोपं करून सांगितलं. ‘न’ म्हणा आणि तिथेच थांबा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला लागलेलं असतं, आणि दात आपोआप एकमेकांपासून सुटलेले असतात. हीच जबड्याची विश्रांतीची जागा. जिभेने दाब द्यायचा नाही, नुसती टेकवायची.

ऐकायला सोपं, पण टिकवायला अवघड, कारण दात आवळणं आपल्या नकळत होतं. मी लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं की सरळ शिलाई मारताना माझे दात सुटे असतात, पण मुंढ्याला बाही लावायला घेतली की घट्ट आवळले जातात. बाहीचा घेर मुंढ्यात बसवताना कापड चिमटीने आवरत आवरत न्यावं लागतं, आणि हात जेवढे सांभाळून चालतात तेवढा जबडा आवळतो. सुईत दोरा ओवताना तेच. गिऱ्हाईक दारात उभं राहून ‘झालं का हो?’ म्हणालं की तेच. दात-ओठ खाऊन काम करणं म्हणतात ते अगदी शब्दशः घडत असतं.

मग मी मशीनच्या डोक्यावर, सुईच्या वर जिथे नजर जातेच, तिथे लाल पायपिंगचा एक तुकडा चिकटवला. दुसरा कटिंगच्या टेबलाच्या कडेला आणि तिसरा स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फरशीवर. लाल दिसलं की ‘न’ म्हणायचं, खांदे सोडायचे, एक श्वास सोडायचा. बाकी काही नाही. काही दिवसांनी तुकडा न बघताही दात आवळल्याचं आपलं आपल्याला कळायला लागतं, आणि तिथून पुढे खरा फरक पडतो. ज्यांचं काम संगणकावर आहे त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका लावावा. ज्या गाडी चालवतात त्यांनी प्रत्येक सिग्नलला आठवण ठेवावी.

टाचण्यांसाठी मी लोहचुंबकाची वाटी घेतली आणि डाव्या मनगटाला बांधायची टाचणगादी शिवली. दोरा कापायची छोटी कातरी गळ्यात नाडीला लटकते. हात अजूनही चुकून तोंडाकडे जातो, पण वाटेत कातरी लागते.

खाण्याचं म्हणाल तर आम्हा सोलापूरकरांची इथे खरी परीक्षा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी यावर वाढलेला जबडा आहे आमचा. दुखणं जोरात असताना कडक भाकरी तशीच चावून खायची नाही. पण ती सोडायचीही गरज नाही. आमटीत चुरून, झाकून, पुरती मऊ होऊ द्यायची आणि मग खायची. आमच्याकडे कितीतरी घरांत ती एरवीही अशीच खातात. ज्वारीच्या कण्या ताकात कालवून, मुगाची मऊ खिचडी, पिठलं-भात, आंबील, शेवयांची खीर, पिकलेलं केळं, पपई. पोळी खायची तर दुधात किंवा वरणात कुस्करून. भाज्यांत दुधी, भोपळा, दोडका. मटण खाणाऱ्यांनी काही दिवस खिम्यावर भागवावं. ऊस, फुटाणे, खारे दाणे, चिक्की, बर्फ, च्युइंगम आणि सुपारी यांना पूर्ण रजा. गड्ड्याची यात्रा आणि हुरड्याचे दिवस एकत्र येतात, तेव्हा ऊस दाताने सोलायचा मोह फार होतो. रस प्या. पेरू, सफरचंद अख्खं चावायचं नाही, पातळ फोडी करायच्या. घास लहान घ्यायचा आणि दोन्ही बाजूंनी चावायचा. नुसतं पातळ पिऊन राहायचं नाही. सांध्याला हलकी हालचाल हवीच असते, ताण तेवढा नको.

जांभई येते तेव्हा हनुवटीखाली मूठ लावा, म्हणजे जबडा फार खाली जात नाही. हे छोटं आहे, पण दुखऱ्या दिवसांत एका मोठ्या जांभईने अख्खी दुपार वाया जाते. हातावर हनुवटी टेकवून बसणं, नखं खाणं, पेनाचं टोपण चावणं, फोन खांद्यात धरणं, हे सगळं बंद. फोनला मी आता इअरफोन लावते.

शेकाबद्दल. दुखणं जुनं, आखडल्यासारखं, सकाळी तोंड उघडताना जड वाटणारं असेल तर ऊब बरी वाटते. कोमट पाण्यात टॉवेल भिजवून पिळून गालावर पंधराएक मिनिटं धरा, गार झाला की परत भिजवा. दुखणं नुकतंच, ठणकणारं, काही लागल्यामुळे आलेलं असेल तर बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटं. दोन्हींतलं जे तुम्हाला मानवेल ते. लवंगेचं तेल गालावर चोळू नका, त्वचेची आग होते आणि सांध्यापर्यंत त्याचा काही उपयोग पोचत नाही. गोळीचं म्हणाल तर दुकानातून परस्पर वेदनाशामक आणून रोज खाऊ नका. ज्यांना पित्ताचा, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाब आहे त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

शेकानंतर मालीश. दात एकदा घट्ट आवळा, गालात जबड्याच्या कोपऱ्यापाशी एक स्नायू टरारून वर येतो. तो सापडला की दात सोडा आणि त्याच जागी दोन बोटांनी हळू गोल गोल दाबत गालाच्या हाडापासून खाली या. मग कानशिलावर तसंच. दुखरी गाठ लागली तर तिथे थोडा वेळ बोट नुसतं दाबून ठेवा, श्वास सोडत राहा, हळूहळू ती ढिली पडते. जोर लावायचा नाही. थोडं गोड दुखावं, डोळ्यांत पाणी येऊ नये.

व्यायामासाठी मी आरशावर पांढरा दोरा लावलाय. वरून खाली सरळ ताणून, दोन्ही टोकांना चिकटपट्टी. त्यासमोर असं बसायचं की दोरा नाकाच्या मधोमध आणि वरच्या पुढच्या दोन दातांच्या फटीवर येईल. आता जिभेचं टोक टाळूला लावून ठेवायचं आणि तोंड हळू उघडायचं, जीभ सुटत नाही तेवढंच. बघायचं काय, तर खालच्या दातांची फट दोऱ्यावरून सरळ खाली जाते का. माझी आधी उजवीकडे वळायची आणि मग परत मधे यायची, चक्क उलटा इंग्रजी ‘सी’ काढल्यासारखी. सरळ जाईल तेवढंच उघडायचं, वळायला लागली की थांबून परत मिटायचं. पाच-सहा वेळा, दिवसातून काही वेळा. जीभ वर असली की जबडा फार पुढे सरकत नाही, त्यामुळे ‘कट्’ही सहसा होत नाही. दुसरा व्यायाम, हनुवटीखाली अंगठा ठेवून अगदी हलका दाब द्यायचा आणि त्या दाबाविरुद्ध तोंड थोडंसं उघडायचं, पाच अंक मोजायचे, सोडायचं. असाच हलका दाब गालावर एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, जबडा मात्र जागचा हलू द्यायचा नाही. दुखलं तर थांबा.

मानेला विसरू नका. शिवताना डोकं पुढे झुकलं की खालचा जबडा मागे ओढला जातो आणि गालाचे, मानेचे स्नायू ताणून राहतात. मी खुर्चीची उंची बदलली, मशीनवर सुईपाशी दिवा लावला आणि हातशिलाईचं काम मांडीवर घ्यायच्याऐवजी उशीवर घेते, म्हणजे कापड डोळ्यांकडे येतं. अधूनमधून हनुवटी सरळ मागे घ्यायची, खाली-वर नाही, नुसती मागे.

रात्रीचं थोडं कठीण, कारण झोपेत आपला ताबा नसतो. मूल दात खातं म्हणजे जंत झाले, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मोठ्यांच्या बाबतीत काळजी, अपुरी झोप, रात्री उशिरा चहा-कॉफी, तंबाखू, दारू यांचा वाटा असतो. पालथं झोपणं आणि गालाखाली हात घेणं सोडलं की सकाळचा जडपणा कमी होतो. झोपण्याआधी शेक आणि ‘न’, एवढा माझा नेम आहे.

दंतवैद्यांनी मला रात्री दातांवर घालायच्या पट्टीबद्दलही सांगितलं. दात झिजत असतील तर त्यांच्या बचावासाठी ती उपयोगी पडते. पण सांध्याच्या दुखण्यावरचा पहिला उपाय म्हणून तिच्याकडे बघायचं का, यावर भाचीने मला २०२३ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेली शिफारस वाचून दाखवली. जुन्या, लांबलेल्या दुखण्यासाठी त्या तज्ज्ञांनी देखरेखीखाली केलेले जबड्याचे व्यायाम, हातांनी केलेले उपचार, ताणाशी वागायला शिकवणारं समुपदेशन, घरचे व्यायाम आणि नीट माहिती यांना वरचं स्थान दिलंय. काढता-घालता येणाऱ्या पट्टीच्या बाजूने त्यांचा कौल नव्हता, आणि कायमचे बदल करणाऱ्या उपायांना तर त्यांनी स्पष्ट नकार दिलाय. म्हणून कुणी सांध्यासाठी दात घासून चावा बदलू म्हणालं तर आणखी एका तज्ज्ञाचं मत घ्या. घासलेला दात परत येत नाही. बहुतेकांचं हे दुखणं साध्या उपायांनीच उतरतं. त्याला दिवस नव्हे, आठवडे द्यावे लागतात.

काही गोष्टींत घरगुती उपाय करत बसायचंच नाही, हे मात्र नीट वाचा. जबड्यातली कळ चालताना, जिने चढताना येते, सोबत छातीत दाब, घाम, धाप, हातात कळ असेल तर ते हृदयाचं असू शकतं, बायकांमध्ये विशेषतः. तडक दवाखाना गाठा. तोंड उघडं राहून मिटेचना तर ओढाताण न करता हॉस्पिटलात जा. जखम झाल्यानंतरच्या दिवसांत दातखीळ बसायला लागली तर धनुर्वाताची शंका धरून धावा. ताप, गालाला सूज, पू, चेहरा बधिर होणं, मार लागल्यानंतर दात नीट न जुळणं, यातही थांबायचं नाही. पन्नाशीनंतर कानशील नव्याने दुखायला लागलं, चावताना जबडा भरून येतो आणि नजरेत काही फरक वाटतो, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि सुपारी, मावा, गुटखा. २०१२ पासून आपल्या राज्यात गुटख्यावर बंदी आहे, तरी तो खाणारी तोंडं माझ्या दारावरून रोज जातात. तिखट लागलं की तोंडाची आग, गालाच्या आतली कातडी पांढरट आणि कडक, आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडतंय, हे सांध्याचं दुखणं नव्हे. सुपारीमुळे तोंडाच्या आतलं अस्तर आकसतं आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. साधारण निरोगी तोंडात जातात. घरातल्या खाणाऱ्या माणसालाही करायला लावा, आणि जात नसतील तर हाताला धरून दंतवैद्याकडे न्या. मिश्री लावणाऱ्या आयाबहिणींचंही तोंड तेवढ्यातच दाखवून घ्या.

शेवटी शिवणाऱ्यांसाठी शेकाच्या पिशवीचं माप. धुतलेलं शुद्ध सुती अस्तर घ्या. पॉलिस्टर अजिबात नको, ते गरम होऊन वितळतं. नऊ इंच बाय दहा इंचाचा तुकडा लांबीत दुमडा, म्हणजे साडेचार बाय दहाची पट्टी होईल. उलट्या बाजूने लांब कड आणि एक टोक अर्धा इंच सोडून दुहेरी शिलाई मारा, पलटा. कोरडी, निवडलेली ज्वारी निम्म्यापेक्षा थोडी कमी भरा, पिशवीच्या मधोमध आडवी शिलाई घाला, उरलेल्या भागात तेवढीच ज्वारी भरून तोंड शिवा. मधली शिलाई असली की पिशवी गालाच्या वळणावर नीट बसते. मंद आचेच्या तव्यावर उलटसुलट गरम करा, तव्यापासून हलू नका, आणि गालाला लावण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. मधुमेहामुळे ज्यांची कातडी बधिर असते त्यांचा शेक दुसऱ्या कुणीतरी हात लावून तपासावा. पिशवी धुवायची नाही, वर खोळ घाला आणि खोळ धुवा. ज्वारीला जळका वास यायला लागला की ती टाकून नवी भरा.